एनडीआयएसचा अर्ज करण्याआधी

एनडीआयएस म्हणजे नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, अपंगत्व असलेल्यांना आधार देणारी ऑस्ट्रेलियातली सरकारी योजना. तिथे माझ्या भावाचा पहिला अर्ज फेटाळला गेला तो डॉक्टरांच्या एका चांगल्या वाक्यामुळे. 'प्रकृती स्थिर, घरच्यांचा आधार उत्तम.' पत्र वाचून आम्ही खूश झालो होतो. स्थिर म्हणजे दवाखान्यात न्यावं लागत नाही एवढंच. तो कसा जगतो, याबद्दल त्या पत्रात अक्षर नव्हतं.

त्यामुळे ऑस्ट्रेलियात तुमच्या घरी कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा वर्षानुवर्षांचं डिप्रेशन असेल आणि अर्ज करायचं मनात असेल, तर आधी महिनाभर तयारी करा. पहिल्यांदा आपण बसतो का ते पाहा. अर्ज करताना वय 65 च्या आत हवं आणि नागरिकत्व किंवा पीआर (कायमचा रहिवास) हवं. स्टुडंट व्हिसावरची मुलं आणि व्हिजिटरवर आलेले आईबाबा यात बसत नाहीत. नावात इन्शुरन्स असलं तरी हप्ता भरायचा नसतो, पगाराची अटही नाही.

मग एक वही करा. एनडीआयएसला आजाराचं नाव पुरत नाही, त्याने काय अडतं ते हवं असतं. बोलणं-समजणं, लोकांत मिसळणं, शिकणं, हिंडणं-फिरणं, स्वतःची निगा आणि स्वतःचे व्यवहार ही सहा क्षेत्रं ते बघतात. 'आंघोळ करत नाही' असं लिहू नका. आमच्या वहीत असं होतं: 'मंगळवार. दुपारी दोनला उठला. आईने चार हाका मारल्या, टॉवेल हातात दिला, दाराबाहेर उभी राहिली. नळ सुरू, पण तो कपड्यांसकट उभा.' बरे दिवसही लिहा, पण महिन्यात ते किती ते मोजून लिहा. आजार चढ-उताराचा असला तरी तो कायमचा धरता येतो, कायद्यातच तशी सोय आहे.

आईची नोंद वेगळी लिहून घ्या. गोळ्या कोण काढून देतं, बँकेचं पत्र कोण उघडतं, ती आठवडाभर पुण्याला गेली तर काय होतं? आपल्याकडे घरच्यांनी केलेलं काम कुणी काम म्हणून मोजत नाही, आणि नेमकं तेच कागदावर यायला हवं.

भारतातली जुनी फाइलही काढा. प्रिस्क्रिप्शनं, डिस्चार्ज कार्डं बहुतेक इंग्रजीतच असतात. कुठली औषधं किती वर्षं घेतली आणि तरी काय उरलं, हे त्यातून दिसतं. सगळे उपचार करून झाले का, हा प्रश्न येणारच.

'एव्हिडन्स ऑफ सायकोसोशल डिसॅबिलिटी', म्हणजे मानसिक आजारामुळे आलेल्या अपंगत्वाचा पुरावा, अशा नावाचा फॉर्म असतो. त्याचा पहिला भाग सायकिअॅट्रिस्ट किंवा जीपी (फॅमिली डॉक्टर) भरतात. दुसरा भाग रोजच्या जगण्याबद्दल असतो, तो पेशंटला नीट ओळखणाऱ्या सपोर्ट वर्करकडूनही भरून घेता येतो. डॉक्टरांकडे फॉर्मसोबत वहीची झेरॉक्स न्या आणि मोठी अपॉइंटमेंट मागा. पंधरा मिनिटांत त्यांना तुमचं घर दिसणार नाही.

अर्ज 1800 800 110 या नंबरवर फोन करूनही सुरू होतो. इंग्रजी अडत असेल तर 131 450 या सरकारी दुभाषी सेवेच्या नंबरवर मराठी दुभाषी मागा. नातेवाइकाला मध्ये घातलं की भाषांतरात लाजच जास्त उतरते. आणि 'कसं चाललंय?' विचारलं की 'बरं चाललंय' म्हणायची आपली सवय त्या दिवसापुरती बाजूला ठेवा. आमची आई तेच म्हणाली होती, आणि तेही हसून.

मिळणार काय, याचा अंदाज घेऊन ठेवा. औषधं, दवाखाना, सायकिअॅट्रिस्टची फी यातून मिळत नाही, ती आरोग्य व्यवस्थेकडे. सायकॉलॉजिस्टकडच्या वर्षाला 10 सेशन्ससाठी मेडिकेअरचा (सरकारी आरोग्य विम्याचा) परतावा मिळतो, त्याला जीपीचा मेंटल हेल्थ प्लॅन लागतो. एनडीआयएस देतं ते सोबत बाजारात येणारा माणूस, घरकामाला हात, आणि 2020 पासून रिकव्हरी कोच, म्हणजे सावरायला आणि मदत जुळवून घ्यायला साथ देणारा माणूस. तातडीचा प्रसंग आला तर मात्र अर्जाची वाट बघू नका, 000 (इमर्जन्सी) किंवा लाइफलाइन ही हेल्पलाइन 13 11 14.

नकाराचं पत्र आलं तर आधी त्यावरच्या तारखेभोवती पेनाने गोल करा. निर्णयाचा फेरविचार मागायला 3 महिनेच असतात. आमचं पत्र अडीच महिने फ्रिजवर मॅग्नेटखाली होतं.