वाफेला रंग नाही, मग ढग पांढरा कसा? घरी करून बघा

किटलीतून जो पांढरा लोट निघतो त्याला आपण सगळेच वाफ म्हणतो, पण ती वाफ नाहीच, ते पाणीच आहे, फक्त अतिशय बारीक थेंबांचं. खरी वाफ हा वायू, हवेसारखाच, डोळ्याला अजिबात न दिसणारा. हे वाचून पटत नाही, बघितलं की पटतं, म्हणून आधी बघायचं कसं ते सांगतो.

किटलीत पाणी घ्या आणि चांगलं खळखळ उकळू द्या. मागे काळा कागद नाहीतर गडद कपडा धरा (आचेपासून लांब), खोलीतला लाईट बंद करून टॉर्च बाजूने मारा. आता लोटाकडे नका बघू, किटलीच्या तोंडाला अगदी लागून बघा. तिथे बोटभर जागा रिकामी दिसेल, काहीच नाही असं वाटेल, आणि पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. ती रिकामी जागा म्हणजे वाफ. तिथे बोट घालू नका हं, पांढऱ्या लोटापेक्षा ती जागा जास्त भाजते. लांब दांड्याचा गार चमचा धरा, क्षणात ओला होतो, म्हणजे तिथे पाणी होतंच, फक्त दिसत नव्हतं. लोटाचं वरचं टोकही बघा, थोडं वर जाऊन तो विरून जातो कारण ते थेंब कोरड्या हवेत परत वाफ होतात. म्हणजे हातभर अंतरात पाणी न दिसणारं, मग पांढरं, मग पुन्हा न दिसणारं, सगळं डोळ्यासमोर.

अजून एक, उघड्या भांड्यात पाणी उकळत असताना गॅस बंद करून बघा, एकदम भसकन जास्त धूर आल्यासारखा दिसतो. पाणी काही जास्त उकळलेलं नसतं, भांड्याच्या कडेने वर येणारी ज्योतीची गरम हवा थांबते, वरची हवा गार होते आणि तीच वाफ थेंब व्हायला लागते.

आता पांढरं का. एक बर्फाचा स्वच्छ, आरपार दिसणारा खडा घ्या, कपड्यात गुंडाळून बत्त्याने बारीक कुटा. पांढरा चुरा होतो. रंग कुठून आला? कुठूनच नाही, बर्फ तोच आहे, फक्त त्याला पृष्ठभाग भरपूर मिळाले. काच किंवा पाणी पारदर्शक असलं तरी उजेड आत शिरताना आणि बाहेर पडताना दरवेळी थोडा परत फिरतो, बाकीचा वाकून पुढे जातो. पाण्यावर सरळ पडलेल्या उजेडातला जेमतेम 2 टक्के परत येतो म्हणून एका थेंबात काही जाणवत नाही, पण असे कोट्यवधी थेंब पुढे असले की उजेड याच्यावरून त्याच्यावर असा भटकत राहतो आणि शेवटी बराचसा आपल्याकडेच येतो. हिशोब करून बघा, 1 मिलीलीटर पाणी, त्याचे 20 मायक्रॉन रुंदीचे थेंब केले (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) तर जवळजवळ 24 कोटी थेंब होतात, आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 3000 चौरस सेंटीमीटर. तेच पाणी एका गोळ्यात ठेवलं तर 5 सुद्धा भरत नाही! मला या सगळ्यात हाच आकडा सगळ्यात जास्त आवडतो, कारण एका घनमीटर ढगात पाणी साधारण अर्धा ग्रॅमच असतं आणि तरी तो सूर्य झाकतो.

पण मग आकाशासारखा निळा का नाही? कारण आकार. हवेचे रेणू उजेडाच्या लहरीपेक्षा खूपच लहान, त्यामुळे ते निळा जास्त विखुरतात आणि लाल कमी. ढगाचा थेंब 10-20 मायक्रॉनचा, उजेडाची लहर 0.4 ते 0.7 मायक्रॉनची, एवढ्या मोठ्या थेंबाला लाल काय, निळा काय, सगळे जवळपास सारखेच. सगळे रंग सारखे परत आले की आपल्याला पांढरं दिसतं.

आता ढगच बनवू. मऊ प्लास्टिकची 1 लीटरची पारदर्शक बाटली घ्या, दोन-तीन चमचे कोमट पाणी टाका, झाकण लावून हलवा, मग जोरात दाबा आणि पटकन सोडा. बहुतेक काहीच दिसणार नाही, निराश होऊ नका. आता काडी पेटवून विझवा, तिचा धूर बाटलीत जाऊ द्या, लगेच झाकण लावा, पाच-सहा वेळा दाबा आणि सोडा. सोडलं की आत पांढरं, दाबलं की साफ. दाबल्यावर हवा तापते, सोडल्यावर पसरून गार होते, आणि वाफेला चिकटून बसायला धुराचे कण मिळालेले असतात. हे कण नसले तर वाफ सहजासहजी थेंब होतच नाही. 1880 च्या सुमारास जॉन एटकेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हेच दाखवलं होतं, साधी हवा असलेल्या भांड्यात वाफ सोडली तर धुकं झालं, कापसातून गाळलेली हवा असलेल्या भांड्यात झालं नाही.

बाटलीत ढग असताना टॉर्चवर लाल पारदर्शक कागद धरा, ढग लाल होतो. त्याला स्वतःचा रंग नाहीये, जो उजेड पडेल तोच तो परत देतो, संध्याकाळचे ढग तांबडे होतात ते यामुळेच. आणि पावसाचा ढग काळा दिसतो तेव्हा त्याचं पाणी वेगळं नसतं, तो जाड असतो एवढंच, वर पडलेला बराचसा उजेड वरूनच परत जातो आणि खालपर्यंत थोडाच पोचतो. कधी विमानात बसलात तर तोच ढग वरून बघा, पांढराशुभ्र असतो.