ग्रेडल बदललं आणि बिल्ड रेंगाळला? दुसरा बिल्ड मोजा

ग्रेडल म्हणजे कोडपासून ॲप बांधून देणारं (म्हणजेच ‘बिल्ड’ करणारं) टूल. त्याचं नवं व्हर्जन टाकलं की आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात कुणीतरी हमखास विचारतं, ‘दादा, बिल्ड लई वेळ खातोय, कॅशे उडवू काय?’ उडवू नका. कॅशे म्हणजे उतरवून जपलेल्या फाईलींचा साठा. तो उडवला की पुरावा जातो, वर सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरवत बसायचं.

अपग्रेडनंतरचा पहिला बिल्ड हिशोबात धरायचाच नाही. नव्या व्हर्जनची झिप उतरते, नवा डेमन (ग्रेडलची मागं चालत राहणारी प्रोसेस) उठतो, बिल्ड स्क्रिप्ट नव्यानं कंपाईल होतात. उद्यमनगरातली भट्टी तापायला वेळ घेते, तसंच हे. कोडला हात न लावता तोच बिल्ड पुन्हा चालवा. जुन्या व्हर्जनच्या ब्रँचवरही (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) तसाच दोनदा. दोन्हीकडचे दुसरे बिल्ड ताडून बघा.

फरक उरलाच, तर कमांडला ‘--प्रोफाइल’ जोडा. बिल्ड फोल्डरच्या रिपोर्ट्समध्ये एक एचटीएमएल पान तयार होतं. जुन्या ब्रँचचंही काढून शेजारी उघडा. कॉन्फिगरेशनचा, म्हणजे स्क्रिप्ट वाचून तयारी करण्याचा, वेळ फुगला असेल तर स्क्रिप्टमध्ये कुणी गिट कमांड किंवा फाईल वाचायचं काम घुसडलंय का बघा. डिपेंडन्सी रिझोल्यूशन, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी शोधण्याचं काम, फुगलं तर नेटला न जाता चालणारं ‘--ऑफलाइन’ लावून चालवा. वेळ झपकन उतरला की दोष नेटचा किंवा रिपॉझिटरीच्या (लायब्ररी जिथून येतात त्या सर्व्हरांच्या) यादीचा. संथ सर्व्हर यादीत वर असला की चौकशी करताना त्याची वाट बघितली जाते. लायब्ररीच्या व्हर्जनच्या जागी अधिकचं चिन्ह (म्हणजे ‘सगळ्यात नवं घे’) टाकायची सवय असेल तर तीही मोडा. त्याचं उत्तर ग्रेडल 24 तासच जपून ठेवतं, मग पुन्हा चौकशी सुरू.

टास्कची, म्हणजे बिल्डमधल्या एकेका कामाची, वेळ जास्त दिसली तर काहीच न बदलता चाललेल्या बिल्डमध्ये कोणते टास्क ‘अप-टू-डेट’ (म्हणजे पुन्हा करायची गरज नाही) म्हणत नाहीत ते शोधा. ‘--इन्फो’ लावलं की कारण छापून येतं. दूध संकलनाच्या एका ॲपमध्ये व्हर्जनच्या नावात बिल्डची वेळ सेकंदासकट जोडलेली होती. दर वेळी इनपुट नवं, दर वेळी कंपाईल! रिलीजपुरती वेळ जोडा, डिबगला कशाला पाहिजे?

मेमरीचं दुखणं मात्र रिपोर्टमध्ये नीट दिसत नाही. सगळेच टास्क सारखे मंदावलेत, पंखा बोंबलतोय, तर चालू डेमन दाखवणारं ‘--स्टेटस’ बघा. अँड्रॉइड स्टुडिओचा जेडीके (जावाचा टूलसंच) एक आणि टर्मिनलचा दुसरा असला की दोन डेमन उठतात. 8 जीबीच्या लॅपटॉपला ते पेलत नाही. ‘--स्टॉप’ फक्त त्याच व्हर्जनचे डेमन थांबवतं, जुन्या व्हर्जनचा तसाच बसून राहतो. रिकामा डेमन 3 तासांनी आपोआप जातो, पण तेवढा दम कुणाला? सरळ प्रोसेस मारा. ग्रेडल 5.0 पासून डेमनची ठरलेली हीप, म्हणजे त्याला वापरायला मिळणारी मेमरी, 512 एमबीच आहे, म्हणून मोठ्या प्रोजेक्टला ती वाढवून द्यावी लागते. प्रॉपर्टीज फाईलमध्ये वाढवूनही फरक नाही? होम फोल्डरमधल्या ‘.gradle’ फोल्डरातली प्रॉपर्टीज फाईल उघडा. प्रोजेक्टच्या फाईलपेक्षा तिचंच चालतं.

आणि ग्रेडल, अँड्रॉइड प्लगिन, कोटलिन तिन्ही एकाच कमिटमध्ये बदलले असतील, तर व्हर्जनची जोडी जमेल तिथं ते सुटे करा आणि एकेक चढवत मोजा.