विचलन, गुन्हा, शिक्षा: समाजशास्त्राच्या पेपरात या चुका टाळा

साताऱ्यात बी.ए.च्या उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी पहिल्याच ओळीत एक वाक्य भेटतं: ‘विचलन म्हणजे गुन्हा.’ उत्तर तिथेच घसरतं. समाजाने मानलेली रीत मोडली की विचलन, राज्याचा कायदा मोडला की गुन्हा. मुलीने जातीबाहेर लग्न केलं तर कायद्याच्या लेखी तो गुन्हा नाही, पण जातपंचायत तिच्या घराला वाळीत टाकायची. मग 2016 मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि वाळीत टाकणं हाच गुन्हा ठरला. लग्न तेच, पंच तेच, आरोपीची जागा मात्र बदलली.

प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावांनी चालवलेलं समांतर सरकार, तर आपल्या घरचं उदाहरण, तरी एकाही पेपरात दिसत नाही. आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे साथीदार इंग्रजांच्या दफ्तरी फरारी होते आणि गावच्या लेखी तेच सरकार होते. त्यांची न्यायमंडळं तंटे मिटवत, दरोडेखोरांना शिक्षा करत. इंग्रजांचं राज्य नाकारणाऱ्यांनाही नियम आणि शिक्षा लागल्याच. एवढं लिहिलंत तरी व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमबद्दल थोडक्यात. ‘गुन्हा ही समाजातली सामान्य गोष्ट आहे’ असं तो 1895 मध्ये म्हणाला. त्याचा अर्थ ‘गुन्हा चांगला’ असा नाही. गुन्हा नाही असा समाज सापडत नाही, आणि शिक्षेमुळे बाकीच्यांना आपला नियम पुन्हा जाणवतो, एवढंच त्याचं म्हणणं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टनवर जास्त वेळ द्या, कारण त्याच्या नावावर सगळ्यात चुकीचं लिहिलं जातं. ‘गरिबीमुळे गुन्हे होतात’ असं तो म्हणत नाही. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोचायची वाट सगळ्यांना मिळत नाही. हा ताण त्याने 1938 मध्ये मांडला. पहाटे पाचला रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं आठवा. नियमाने धावत, अभ्यास करत राहणारा पोरगा म्हणजे अनुसरण. एजंटला पैसे देऊन खोटा दाखला काढणारा म्हणजे नवप्रवर्तन. तिसऱ्याने आशा सोडलीय, पण घरी बोलणी नकोत म्हणून तो रोज डबा घेऊन अभ्यासिकेत जातो, पुस्तक उघडतो, संध्याकाळी परततो. ध्येय सुटलं, रीत उरली: हा कर्मकांडवाद. व्यसनात बुडालेला म्हणजे पलायन. ही भरती, ही धावपळच नको, काही वेगळं उभं करू म्हणणारा बंडखोर. पाचही प्रकार एकाच रस्त्यावर दिसतात आणि त्यातला सरळ गुन्हा एकच आहे.

आता ज्या चुकीने मला खरोखर त्रास होतो ती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँडचा सिद्धांत सांगतो की गुन्हा सहवासातून शिकला जातो. उदाहरण म्हणून मुलं लिहितात, ‘उदा. पारधी समाज.’ हे लिहू नका. 1871 च्या इंग्रजी कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि ती यादी पुढे वाढत गेली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात. ‘गुन्हेगार जमाती’ हा शब्द आज वर्तमानकाळात वापरणं म्हणजे रद्द झालेला कायदा आपण पेनाने चालवणं. गावात चोरी झाली की आधी पालावरच चौकशी होते, पोराला शाळेत ‘चोराचा’ म्हणतात, पुढे त्याला कामावर कोणी ठेवत नाही. ही शिक्क्याच्या सिद्धांताची गोष्ट आहे. इथे तो मांडणारे बेकर आणि लेमर्ट आठवा. मात्र शिक्का पहिल्या चोरीचं कारण सांगत नाही. शिक्का बसल्यावर माणसाचं पुढे काय होतं, ते सांगतो; लेमर्ट त्याला दुय्यम विचलन म्हणतो.

आणि सदरलँडचंच उदाहरण हवं असेल तर पांढरपेशांच्या गुन्ह्यांचं द्या. 1939 मध्ये त्यानेच तो विषय काढला. पतसंस्थेतल्या ठेवी बुडवायच्या युक्त्या कुणी पालावर शिकत नाही.

शिक्षेच्या प्रश्नात जुन्या नोट्स उतरवू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्यात सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर तीच शिक्षा होते.

शिक्षा म्हटलं की सगळे फ्रेंच विचारवंत फुको आणि तुरुंगाच्या भिंती लिहितात. आपल्याकडे भिंत नसलेला तुरुंग आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. शिक्षा माणसाला समाजातून उचलून बाहेर ठेवते की समाजातच परत बसवते, या दहा गुणांच्या प्रश्नाला सांगलीच्या मुलाने पॅरिसपासून सुरुवात करायची गरज नाही. स्वतंत्रपूर बघायला जाणार असाल तर तुरुंग प्रशासनाची परवानगी आधी काढा, आणि तिथल्या मुलांचे फोटो काढू नका.