दप्तरातला पिवळा फोल्डर: न्यू जर्सीत मूल शाळेत घालताना

ऑगस्ट आला की आमच्या कॉम्प्लेक्समध्ये नवी मराठी बिऱ्हाडं उतरतात. आठवड्याभरात दारावर टकटक होते, "ताई, शाळेत नाव घालायला काय काय लागतं?" लीज, विजेचं बिल, जन्माचा दाखला, लसींची नोंद. यादी स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर आहे, तिच्यात माझी गरज नाही. आम्ही २००९ मध्ये सांगलीहून मध्य न्यू जर्सीत आलो, दोन्ही मुलं इथल्या एलिमेंटरीतून बाहेर पडली. त्या यादीत जे नसतं तेवढं सांगते.

व्हिसाची फाइल काखेत मारून शाळेत जाऊ नका. पब्लिक शाळा इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला नाकारू शकत नाही. सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा 'प्लायलर विरुद्ध डो' हा निकाल त्याचसाठी आहे. लसींचं मात्र नीट बघा. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरची लागते. टीबीची तपासणी मागितली तर डॉक्टरांना रक्ताची चाचणी करायला सांगा. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पत्रं, फेऱ्या. निघण्याआधीच तिकडच्या डॉक्टरांकडून सगळ्या तारखा इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा.

घरी कुठली भाषा बोलता, असा एक फॉर्म असतो. त्यावर सरळ 'मराठी' लिहा. "ईएसएलमध्ये (इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या जादा तासाला) टाकतील हो" या भीतीने आपले निम्मे लोक 'इंग्लिश' लिहितात आणि घरी मूल "आई, पाणी दे" म्हणतं. टाकलं तर टाकलं. वर्गातली बाई भरभर काय बोलते ते कळत नसलेल्या मुलाला रोज थोडा वेळ लहान गटात कोणी शिकवत असेल तर त्यात कमीपणा कसला?

आता मुद्द्याचं. इथली शाळा एकदाच सांगते. सांगलीत बाई डायरीत लिहून द्यायच्या, शिपाई वर्गात नोटीस फिरवायचा, रिक्षावाले काका आठवण करायचे आणि तरी राहिलंच तर शेजारच्या वहिनी सांगायच्या. इथे दप्तरातून एक फोल्डर येतो (आमच्याकडे पिवळा होता, दर गुरुवारी), आता बरंचसं ईमेलवर आणि अ‍ॅपवर येतं. एकदा पाठवलं की शाळेच्या लेखी तुम्हाला कळलेलं असतं.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये हे मला कळलं. आल्यावर घेतलेलं प्रीपेड सिम टाकून आम्ही फॅमिली प्लॅन घेतला, नंबर बदलला. सांगलीला, ऑफिसात, बँकेत, गॅसच्या कंपनीला, सगळ्यांना कळवलं. शाळेला नाही. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये ज्या शेजारणीचं नाव दिलं होतं ती ऑक्टोबरात टेक्ससला गेली होती. पेरेंट-टीचर कॉन्फरन्सचा आठवडा होता, शाळा पावणेएकला सुटत होती. मी नेहमीसारखी तीनला पोचले. मोठा तेव्हा पहिलीत. ऑफिसातल्या खुर्चीवर कोटाची चेन गळ्यापर्यंत लावून, दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. पाय जमिनीला टेकत नव्हते. सेक्रेटरीने चार वेळा फोन केला होता, चारही वेळा कुठल्याशा माणसाचा स्पॅनिश व्हॉइसमेल लागला होता. ती मला एक शब्द बोलली नाही, फक्त नंबर लिहिलेला चिटोरा पुढे केला आणि हा तुमचाच का, म्हणून विचारलं. गाडीत बसल्यावर पोरगा म्हणाला, "आई, मी त्यांना आजीचा नंबर सांगितला, पण तो खूप मोठा आहे म्हणाल्या." घरी फोल्डर उघडला. हाफ डेचा कागद तीन आठवड्यांपासून त्यात होता.

म्हणून सांगते, नंबर बदलला की त्याच दिवशी शाळेला कळवा. बँकेच्या आधी. इमर्जन्सीला दोन नावं द्या, त्यातलं एक तरी दिवसा घरी असणाऱ्याचं, आणि दर सप्टेंबरला ती माणसं अजून त्याच गावात आहेत ना ते बघा. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांचंही नाव पिकअपच्या यादीत घाला आणि पासपोर्टची प्रत त्यांच्या पिशवीत ठेवा. यादीत नाव नसेल तर सख्ख्या मामाच्या हातीही मूल देत नाहीत.

नोव्हेंबर हा महिनाच फसवा. सुरुवातीला शिक्षकांच्या कन्व्हेन्शनसाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद, मग कॉन्फरन्सचे हाफ डे, मग थँक्सगिव्हिंग. वर्षाचं कॅलेंडर छापून फ्रिजवर लावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. तिथे "उद्या सुट्टी आहे का?" याला अकरा उत्तरं येतात आणि त्यातली चार भलत्याच डिस्ट्रिक्टची असतात.

कॉन्फरन्सला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. त्यात "गणितात पुढचा वर्ग कधी देणार?" एवढंच विचारून उठू नका. आपल्या लोकांची गाडी तिथेच अडते, मूल अजून बुटाची लेस बांधायला शिकत असतं आणि आई-बाप 'गिफ्टेड' म्हणजे हुशार मुलांच्या वर्गाचा फॉर्म शोधत असतात. डबा खाताना तो कोणाशेजारी बसतो, हे विचारा. आमच्या धाकटीबद्दल मला त्या एका प्रश्नातून जे कळलं ते रिपोर्ट कार्डात कुठेच नव्हतं.

डबा. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट कुठे नसतो? भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, पोळीला लावलेल्या चटणीत. इथे वर्गात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असली तर तो जिवाशी खेळ असतो. सप्टेंबरात बाईंचं पत्र येतं, ते वाचा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, सासूबाईंना आधी. मी काय केलं होतं? संक्रांतीला हौसेने पंचवीस तिळगुळाचे लाडू, रंगीत कागदात बांधून, "गोड बोला"चा अर्थ इंग्रजीत लिहून पाठवले. दुपारी डबा तसाच परत आला, वर चिठ्ठी: घरी केलेला खाऊ वर्गात वाटता येत नाही. रात्री आम्ही दोघांनी चहाबरोबर खाल्ले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं. त्यात कूट होताच, आणि २०२३ पासून तर अमेरिकेत तीळही मुख्य अ‍ॅलर्जीच्या यादीत आहेत. वर्गाला संक्रांत दाखवायचीच असेल तर बाईंना विचारून छोटे पतंग करायला न्या. औषधही दप्तरात ठेवायचं नाही, साधं क्रोसिनसुद्धा. डॉक्टरांचं पत्र घेऊन नर्सकडे द्यायचं.

बाकीचं भरभर. बॅक टू स्कूल नाइट फक्त आई-बापांसाठी असते, मुलं नेऊ नका. शाळेत काढलेल्या फोटोंचं सर्वात लहान पाकीट घ्या. बुक फेअरला (शाळेत पुस्तकांची विक्री असते) पैसे नाव लिहिलेल्या झिपच्या पिशवीत द्या आणि आकडा घरीच ठरवा, नाहीतर पुस्तकांऐवजी चकचकीत पेनं घरी येतील. व्हॅलेंटाइनची कार्डं वर्गातल्या प्रत्येकाला, फक्त तीन मित्रांना नाही. बर्फाच्या दिवशी शाळा बंद किंवा दोन तास उशिरा असल्याचा निरोप पहाटे फोनवर येतो. कुठल्या फोनवर? शाळेकडे जो नंबर आहे त्याच्यावर.

पीटीएचं, म्हणजे पालक-शिक्षक संघाचं काय, असं नवीन आया विचारतात. ही संघटना १८९७ पासूनची आहे, आणि आपल्याला ती गोऱ्या बायकांची भिशी वाटते. मलाही वाटायची. वर्गणी किरकोळ असते, तास-दोन तास काम दिलं तरी चालतं. मंडळाच्या गणपतीला तीन दिवस राबणारे आपले लोक बुक फेअरला एक तास उभे राहात नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. मी पहिल्यांदा गेले ती नुसती पुस्तकं लावायला, इंग्रजी बोलावं लागणार नाही म्हणून. तिथे कळलं की आफ्टरकेअरची, म्हणजे शाळा सुटल्यावर मूल सांभाळण्याच्या सोयीची, नावनोंदणी वसंतातच उघडते आणि जागा लवकर भरतात. तो कागदही फोल्डरमध्ये होताच म्हणे.

रविवारची मराठी शाळा वेगळी. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा बऱ्याच गावांत आहेत, घाला. पण पहिलं वर्ष मुलाला जरा श्वास घेऊ द्या.

आणि जॅकेट, टोपी, डबा, बाटली, सगळ्यावर नाव घाला, इंग्रजीत. जूनमध्ये लॉस्ट अँड फाउंडचं टेबल ओसंडून वाहतं आणि उरलेलं दान करतात. मोठ्याचा निळा स्वेटर त्या टेबलावर चार महिने होता. सासूबाईंनी कॉलरच्या आत सुईदोऱ्याने सुरेख नाव काढलं होतं, देवनागरीत.