कोबाल्ट फेराइटच्या पेलेट करताना या चुका टाळा

चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की ज्यांची लांबी बदलते, अशा सिरॅमिकमध्ये एम.एस्सी.च्या प्रकल्पाला कोबाल्ट फेराइट सगळ्यात परवडतं. कोबाल्ट आणि लोहाची नायट्रेट, सायट्रिक ॲसिड आणि मफल फर्नेस (बंद विजेची भट्टी) एवढ्यावर जळगाव-धुळ्याच्या कॉलेजातही ते जमतं. गडबड होते ती पुढे. पावडर किती नॅनोमीटरची आहे ते सगळे अभिमानाने सांगतात, पण लांबी किती बदलते याचं मोजमाप होतं भाजलेल्या पेलेटचं, म्हणजे पावडर दाबून केलेल्या वडीचं. तिच्यातले कण केवढे झाले, हे बघायचं राहूनच जातं.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. आयर्न नायट्रेट हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाटली उघडी राहिली तर 404 ग्रॅम (एका मोलचं वजन) तोललं तरी त्यात एक मोल लोह नसतं. कोबाल्ट जास्त, लोह कमी अशी पावडर तयार होते आणि एक्सआरडीत (क्ष-किरणांनी काढलेल्या आलेखात) कधीकधी कोबाल्ट ऑक्साइडचं शिखर डोकावतं. मग सगळे फर्नेसला दोष देतात. बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि पावसाळ्यात तोलण्याचं काम लांबवू नका.

एक्सआरडीवरून निघतो तो क्रिस्टलाइटचा, म्हणजे एकेका अखंड बारीक स्फटिकाचा, आकार. 35.5 अंशांजवळच्या 311 नावाच्या मुख्य शिखराची रुंदी शेररच्या सूत्रात (शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या) घातली की 25 नॅनोमीटर वगैरे उत्तर येतं. पावडरीत मात्र असे क्रिस्टलाइट पिठल्यातल्या गुठळ्यांसारखे चिकटून बसलेले असतात. या गुठळ्या फोडल्या नाहीत तर दाबताना मध्ये पोकळ्या राहतात आणि भाजल्यावरही त्या जात नाहीत. उपकरणामुळे येणारी रुंदी वजा न करता सूत्र लावणं ही त्यात आणखी भर.

दळताना स्टीलचे गोळे वापरले तर तासागणिक लोखंड मिसळत जातं. लोहाचं प्रमाण ज्या पदार्थाचा जीव आहे, त्यात हे कशाला? झिर्कोनियाचे गोळे घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान सिंटरिंगमध्ये, म्हणजे पेलेट भाजून घट्ट करताना, होतं. घनता वाढावी म्हणून तापमान चढवत नेलं, की कण एकमेकांना गिळून फुगतात आणि पोकळ्या त्यांच्या पोटात अडकतात. मग कितीही तास भाजा, त्या बाहेर पडत नाहीत. पोकळी असली की कणाचं आकुंचन बाहेरच्या स्ट्रेन गेजपर्यंत (लांबीतला बदल मोजणाऱ्या चिकटपट्टीपर्यंत) पोचत नाही, मधेच जिरतं. म्हणून घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजून 5.29 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर या सैद्धांतिक आकड्याशी ताडून बघा, आणि तोडलेल्या पृष्ठभागाचा एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो घ्या. पावडर बारीक असण्याचा खरा फायदा हाच, की ती कमी तापमानाला घट्ट होते आणि कण आटोक्यात राहतात. साध्या पेलेटच्या लांबीत सहसा 100 ते 200 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास बदल मिळतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म पावडरीपासून केलेल्या नमुन्यांनी 400 पीपीएमचा टप्पा गाठला, तो उगाच नाही.

पावडर बांधून ठेवायला पीव्हीए (एक चिकट पॉलिमर) घातलं असेल तर 500-600 अंशांपर्यंत हळूहळू चढवा आणि तिथे थोडं थांबा. घाई केली तर वायू पेलेट फोडून बाहेर येतो. मध्येच लाइट गेली तर फर्नेसचं दार उघडून बघायचा मोह आवरा. पेलेट अचानक थंड झाली की तडा जातो, शिवाय कोबाल्ट आणि लोहाचे आयन जाळीत कुठे बसतात तेही बदलतं. असा नमुना बाजूला ठेवा, आलेखात मिसळू नका.

मोजमाप करताना मे महिना विसरू नका. फेराइट एका अंशाला साधारण 10 पीपीएम प्रसरण पावतं. एसी बंद असलेल्या खोलीत मापन चालू असताना तापमान तीन-चार अंश वर गेलं की 150 पीपीएमच्या खऱ्या आकड्यात 30-40 पीपीएमची भेसळ सहज होते. जोडीला क्षेत्राबाहेर ठेवलेल्या तशाच पेलेटवर डमी गेज (फक्त तापमानाचा परिणाम वजा करायला) लावा, किंवा सरळ पहाटे मोजा. आणि हो, क्षेत्राच्या दिशेत कोबाल्ट फेराइट आकसतं, त्यामुळे उत्तर वजा येणारच. वायरी उलट्या लावून ते अधिक करू नका.