ब्रह्मकमळ ओळखताना आणि पाहायला जाताना या चुका टाळा

आपल्याकडे ब्रह्मकमळ म्हणून कुंडीत वाढवली जाणारी आणि रात्री उमलून सकाळपर्यंत मलूल होणारी पांढरी फुले ही निवडुंग कुलातल्या एका वनस्पतीची असून ती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतली आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ, म्हणजेच सॉस्यूरिया ऑबव्हॅलाटा, हे सूर्यफूल कुलातले असून उत्तराखंडचे राज्यपुष्प तेच आहे. घरच्या फुलाची पूजा करण्यात काहीच वावगे नाही. मात्र त्याचेच रूप मनात धरून हिमालयात गेलेला माणूस खऱ्या ब्रह्मकमळाजवळून ते न ओळखताच पुढे निघून जातो.

ओळखताना बहुतेकांची फसगत होते ती पाकळ्यांबाबत. फिकट पिवळसर हिरव्या, कागदासारख्या पातळ आणि होडीसारख्या खोलगट ज्या पाकळ्या वाटतात, ती वास्तविक छदे, म्हणजे फुलोऱ्याला वेढणारी पाने असतात. ती हलकेच बाजूला झालेली असतील तर आत जांभळट स्तबकांचा दाट झुबका दिसतो, आणि प्रत्येक स्तबक हा अनेक बारीक फुलांचा समूह असतो. सूर्यफुलाला कडेने असतात तशा पिवळ्या पाकळ्या येथे नसतात. छदांमधून उजेड आत झिरपतो, पण गार वारा आणि पावसाचा मारा बाहेरच अडतो, त्यामुळे एवढ्या उंचीवरही आतली नाजूक फुले सुरक्षित राहतात. संपूर्ण झाड पांढऱ्या लोकरीत गुंडाळल्यासारखे दिसले, तर ते याच सॉस्यूरिया वंशातले, पण वेगळ्या जातीचे फेनकमळ समजावे.

हे झाड पुण्या-मुंबईच्या उष्ण हवेत लावण्याच्या भरीस पडू नये. वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली काढणाऱ्या वनस्पतीला आपला उन्हाळा सोसणारा नाही, आणि ब्रह्मकमळाचे रोप म्हणून बाजारात जे मिळते ते बहुधा वर सांगितलेले निवडुंगच असते.

पाहायला जाणाऱ्यांची मोठी चूक वेळेची असते. उत्तराखंडमधले व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे राष्ट्रीय उद्यान 1 जूनला उघडते म्हणून अनेक जण जूनमध्येच जातात, परंतु ब्रह्मकमळाचा बहर जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत असतो. हे फूल साधारण 3,700 ते 4,600 मीटर उंचीवरच्या खडकाळ उतारांवर येते, त्यामुळे दरीच्या पायवाटेवर ते दिसले नाही तर निराश न होता घांघरिया या मुक्कामाच्या गावाहून हेमकुंड साहिब या सरोवराकाठच्या शीख तीर्थस्थानाच्या चढावर, विशेषतः शेवटच्या टप्प्यात आणि सरोवराच्या आसपास शोधावे. घांघरिया सुमारे 3,000 मीटरवर आहे. तेथे एक दिवस मुक्काम करून मगच वर चढावे आणि डोके दुखू लागले किंवा मळमळले, तर फुलाचा मोह सोडून लगेच खाली उतरावे.

फूल तोडणे ही मात्र केवळ चूक नव्हे, ती त्या वनस्पतीची हानी आहे. केदारनाथ व बदरीनाथ येथे हे फूल देवाला वाहण्याची परंपरा जुनी आहे आणि तिचा आदर राखलाच पाहिजे, परंतु बी धरण्यापूर्वीच फुले खुडली गेली तर त्या उतारावर नवी रोपे कोठून यायची? उन्हाळा अगदी तोकडा असल्यामुळे फुलणे, बी धरणे आणि ते वाऱ्यावर सोडणे हे सगळे काही आठवड्यांतच उरकावे लागते. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडण्यास कायद्यानेच बंदी आहे. छायाचित्रासाठी पायवाट सोडून उतारावर चढू नये, कारण पायांखाली चिरडली जाणारी कोवळी रोपे आपल्याला दिसतही नाहीत.