डब्यातल्या सॅमनचे सँडविच : या चुका टाळा

माझा धाकटा भाऊ व्हँकुव्हरला स्थायिक झाल्यापासून तो दर खेपेला बॅगेत सॅमन माशाचे डबे घेऊन आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरी येतो. ते डबे नात्यागोत्यांत वाटून झाले, की पुढचे आठ दिवस मला फोन येत राहतात. सँडविचमध्ये भरायचे सॅलड, म्हणजे मेयोनीजमध्ये कालवलेला मासा, पाणचट झाले, पाव भिजला, तोंडात काटा आला, मसाला घालूनही चव लागली नाही, अशा त्याच त्या तक्रारी असतात. हा प्रकार पाच मिनिटांत होतो हे खरे आहे. परंतु त्या पाचांतली तीन मिनिटे माशातले पाणी काढण्यात घालवायची असतात, आणि घाई करणारा माणूस नेमकी तीच वाचवायला जातो.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. आपल्याकडे मासळी बाजारात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, त्यामुळे डबा नसला तर रावस उकडून चालेल असे अनेकांना वाटते. रावस आपल्या किनाऱ्यावरचा, वेगळ्या कुळातला मासा आहे. डब्यातला सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो. हे डबे बहुतेक अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅसिफिक सॅमनचे असतात. कोकणातून घाट चढून आलेला ताजा रावस उकडून मेयोनीजमध्ये कालवणे हा त्या रावसावर अन्याय आहे. त्याचे कालवण करावे, नाहीतर रवा लावून तो तळावा.

डब्यांत मुख्यतः दोन जाती दिसतात. सॉकाय लालभडक, घट्ट आणि महाग असतो. पिंक फिकट गुलाबी, मऊ आणि स्वस्त असतो. सँडविचसाठी पिंक पुरेसा आहे. सॉकाय आणून त्याचा मेयोनीजमध्ये लगदा करणाऱ्यांना मी पुढच्या खेपेला पिंकच देते.

आता पाण्याविषयी. सॅमनचे कच्चे तुकडे थोडे मीठ घालून डब्यात भरतात, डबा हवाबंद करतात आणि मग तो वाफेच्या दाबाखाली शिजवतात. त्यामुळे आत दिसणारे पाणी हा माशानेच शिजताना सोडलेला रस असतो. तो चवीला वाईट नसतो, पण सॅलडमध्ये राहिला तर मेयोनीज पातळ होते आणि तासाभरात सगळे पाणी पावात उतरते. डबा तिरका धरून झाकणाच्या फटीतून पाणी ओतले, म्हणजे मासा निथळला असे मानणाऱ्यांची एक जमातच आहे, आणि माझा भाचा तिचा म्होरक्या आहे.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सगळे पन्हाळ्याला जाणार होतो. भाच्याने आदल्या रात्री जाहीर केले, की न्याहारीचे सँडविच तोच करणार. सकाळी सहा वाजता ४१८ ग्रॅमचे दोन डबे फोडून, झाकण दाबून पाणी ओतल्यासारखे करून, त्यात जाड चिरलेला कांदा, बियांसकट काकडी, मीठ आणि मेयोनीज असे सगळे एकदम घालून त्याने ते चमच्याने ढवळले. मी निथळण्याविषयी बोलले, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, पाच मिनिटांचं काम आहे, त्याला कशाला एवढा थाट?" सोळा सँडविच वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या डिकीत गेले. वाटेत एका नातेवाइकांकडे चहाला थांबलो, तिथे गप्पा लांबल्या, आणि तीन दरवाजापाशी पुडके उघडेपर्यंत साडेअकरा वाजले होते. कागदाची शाई पावावर उमटली होती, खालचा पाव उचलताच त्याचे दोन तुकडे होत होते, आणि आतून गुलाबी पाणी मनगटापर्यंत ओघळत होते.

भाचा तरीही खायला निघाला होता. मी सगळे सँडविच फेकायला लावले, कारण पाणचटपणापेक्षा मला तापलेल्या डिकीतले साडेपाच तास अधिक भयंकर वाटत होते. मासा आणि मेयोनीज यांचे मिश्रण फ्रिजबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास ठेवावे, हा नियम आपल्या उन्हाळ्यात अक्षरशः पाळायचा असतो. त्या दिवशी आम्ही गडावर झुणका-भाकरी खाल्ली, आणि भाच्याने सगळ्यांचे पैसे दिले.

माझी सवय अशी आहे. डबा बारीक जाळीच्या गाळणीत उपडा करते, मासा हाताने दोन-तीन ठिकाणी मोडते आणि वर वाटी ठेवून तळव्याने दाबते. पहिल्या दाबाला धार येते, दुसऱ्याला थेंब येतात, आणि तिसऱ्या वेळी वाटी उचलली, की मासा जाळीच्या ठशासकट एका वडीसारखा गाळणीत बसलेला दिसतो. हा ठसा दिसेपर्यंत मी मेयोनीजच्या बाटलीला हात लावत नाही. निघालेला रस मी फेकत नाही. तो भाताच्या पाण्यात घालते आणि भातातले मीठ तेवढे कमी करते.

कांदा आणि काकडी यांचेही तसेच आहे. कांदा अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटे ठेवावा आणि कोशिंबिरीला पिळतो तसा मुठीत घट्ट पिळावा. काकडी उभी चिरून मधल्या बिया चमच्याने काढून टाकाव्यात. वरून मीठ घालू नये. माशात ते आधीच असते. लिंबू सगळ्यात शेवटी आणि अर्धा चमचाच पिळावे.

मेयोनीज २१३ ग्रॅमच्या डब्याला दोन मोठे चमचे पुरते, आणि तेवढ्यात चार सँडविच होतात. आपल्याकडच्या बिनअंड्याच्या मेयोनीजला एक गोडसर चव असते, म्हणून मी एक चमचा मेयोनीज आणि एक चमचा घरचा चक्का घेते. चक्का म्हणजे दही फडक्यात बांधून निदान चार तास टांगलेला. वाटीतले घट्ट दही नव्हे. चार तास कोण थांबणार, असे ज्यांना वाटते त्यांनी निव्वळ मेयोनीज वापरावे, पण दही मात्र घालू नये.

काट्यांविषयी मला दर वेळी नव्याने समजवावे लागते. डब्यातला मणक्याचा काटा दाबाखाली शिजून इतका मऊ झालेला असतो, की तो दोन बोटांत खडूसारखा चुरतो. त्यात कॅल्शियम असते, आणि फोर्कने कुस्करला की तो माशात कुठे गेला हे सांगताही येत नाही. तासभर चिमट्याने काटे आणि साल वेचत बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या हाती शेवटी निम्मा मासा आणि दुखरी मान एवढेच राहते. लहान मुलांना द्यायचे असेल तर मणक्याचे तुकडे तेवढे आधी वेगळे काढून नीट चिरडावेत आणि परत मिसळावेत.

गेल्या वर्षी रात्री साडेनऊला धाकट्या जावेचा फोन आला, "ताई, डब्यात काच निघाली की हो!" आवाज रडवेला होता, आणि डबा भावाने आणलेला असल्यामुळे त्यात थोडा ठपकाही होता. मी तिला तो खडा वाटीत घालून त्यावर गरम व्हिनेगर ओतायला सांगितले आणि फोन चालू ठेवला. काही मिनिटांत तो विरघळला. माशातले मॅग्नेशियम आणि फॉस्फेट यांचे अमोनियाशी मिळून डब्यात कधी कधी असे पारदर्शक स्फटिक बनतात. त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात आणि ते अपायकारक नसतात. ते नखाखाली दाबले तरी भुगा होतात. खडा व्हिनेगरमध्ये तसाच राहिला, तर मात्र डबा टाकून द्यावा. माशावर दिसणारा पांढरा साका तर नुसते गोठलेले प्रथिन असते, त्यासाठी फोन करू नये.

आता माझ्या गावकऱ्यांना न आवडणारी गोष्ट. या सॅलडमध्ये कांदा-लसूण चटणी घालू नका. मी स्वतः वर्षाची चटणी घरी करते, तेव्हा हे चटणीच्या द्वेषातून आलेले नाही. ती चटणी खुलते ती गरम तेलात, रश्शाच्या तर्रीत. थंड मेयोनीजमध्ये तिची तिखट बाजू तेवढी पुढे येते, खोबरे दाताखाली करकरते आणि सगळ्या मिश्रणाला विटकरी रंग चढतो. तिखट हवेच असेल तर एक हिरवी मिरची बिया काढून बारीक चिरावी आणि वर ताजी मिरपूड कुटून घालावी. मासा फोडणीत परतून घेणाऱ्यांना एवढेच सांगते, की तो शिजलेलाच आहे.

ढवळण्याचेही तसेच. आधी मेयोनीज, कांदा आणि मिरी वाटीत एकत्र करावी, मग मासा घालून फोर्कने वरखाली करावा. माशाच्या पाकळ्या दिसल्या पाहिजेत. मिक्सरमधून काढलेल्या सॅलडला मी चटणी म्हणते.

पावाच्या बाबतीत आपली सवय आड येते. मिसळीबरोबर आपण जो जाड स्लाइसचा पाव खातो, तो कट शोषून घेतो म्हणूनच आपल्याला प्रिय आहे. सँडविचमध्ये त्याचा हाच गुण नडतो. आदल्या दिवशीचा, पातळ कापलेला पाव घ्यावा आणि दोन्ही स्लाइसना आतून कडेपर्यंत लोणी लावावे. मधोमध एक फराटा ओढून भागत नाही, कारण पाणी कडेनेच शिरते. डब्यात न्यायचे असेल तर सॅलड वेगळे, बर्फाच्या पिशवीजवळ ठेवून न्यावे आणि खाण्याच्या वेळी भरावे.

फुगलेला, शिवणीवर चेपलेला किंवा फोडताच फवारा उडवणारा डबा चव घेऊन तपासू नये; तो सरळ टाकावा. उरलेला मासा फोडलेल्या डब्यात न ठेवता काचेच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. तयार सॅलड मी दोन दिवसांत संपवते.

रिकामा डबा न धुता कचऱ्यात टाकला, तर रात्रीतून गल्लीतली मांजरे पिशवी फाडतात आणि कापलेल्या कडेने सकाळी कचरा उचलणाऱ्याचा हात चिरतो. डबा विसळून, झाकण आत टाकून, वरची कड सांडशीने चेपून मगच तो बाहेर ठेवावा.